चिली–न्यूझीलंड संबंध ‘नुसते कागदी’ नाहीत

चिली आणि न्यूझीलंड यांच्यात दहा हजार किलोमीटरच्या आसपास समुद्र, म्हणून त्यांची मैत्री ‘नुसती कागदी’, हे या दोन देशांच्या संबंधांवर आलेल्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. अहो, तो कागदच तर जड आहे! २००५ साली या दोघांनी सिंगापूर आणि ब्रुनेईला बरोबर घेऊन जो छोटासा व्यापार करार केला, त्यातूनच पुढे टीपीपी (पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांचा मोठा व्यापार करार) उभा राहिला. २०१७ मध्ये ट्रम्पनी अमेरिकेचं अंग काढून घेतलं, तरी उरलेल्या अकरा देशांनी मार्च २०१८ मध्ये सह्या केल्या त्या चिलीच्या राजधानीत, सँटियागोलाच.

आपापसातला व्यापार बेताचा, हे मान्य. पण तो वाढणार तरी कसा? दोघेही दक्षिण गोलार्धातले. सफरचंद, किवी, वाईन, सगळं दोघांकडेही पिकतं आणि दोघांची गिऱ्हाइकंही बरीचशी तीच. (युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्या नाशिककरांना चिलीशी गाठ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.) म्हणून इथे मालापेक्षा भांडवल बघावं. फॉन्टेरा या न्यूझीलंडच्या दूधसंघाकडे चिलीतली सोप्रोले ही मोठी डेअरी कित्येक वर्षं होती. २०२३ मध्ये ती पेरूच्या ग्लोरिया समूहाला विकली गेली. लेखात याचा उल्लेखही नाही, कमाल आहे.

प्रवासाचं म्हणाल तर ऑकलंड–सँटियागो थेट विमान साधारण अकरा तासांचं. मधे तारीख बदलणारी वाररेषा येते, त्यामुळे संध्याकाळी निघालेला माणूस त्याच तारखेच्या दुपारी उतरतो. तिकीट मात्र खिसा रिकामा करणारं, कारण या मार्गावर स्पर्धाच नाही म्हटलं तरी चालेल. लेखकाने खरं तर यावर लिहायला हवं होतं.