हॅपी बर्थडे टू सू

माझं नाव सुनीता. आमच्या पिढीत हे नाव एवढं होतं की शाळेच्या हजेरीत मी 'सुनीता तिसरी' होते. आणि सुनीता असण्याची शिक्षा म्हणजे दर वाढदिवसाला कोणीतरी रफी होऊन 'बार बार दिन ये आए' हेच गाणं म्हणतं, शेवटी माझं नाव आलं की माझ्याकडे असं बघतं जणू त्यानेच लिहिलंय. आनंद बक्षींनी लिहिलंय हो.

तर परवा पन्नाशी झाली, म्हटलं आता ज्या सिनेमाने आपला एवढा छळ मांडलाय तो एकदा बघूनच टाकू. 'फर्ज', १९६७, जितेंद्र, आणि सुनीता झालेली बबिता. नवरा टूरवर, लेक अभ्यासाला मैत्रिणीकडे (अभ्यास, हं), केक अर्धा उरलेला, पाय टीपॉयवर. एजंट ३०३ चा खून झाला आणि बेल वाजली.

दुसऱ्या मजल्यावरचे काका. हातात आमची वाटी, गेल्या आठवड्यात मी खीर दिली होती त्यातली. रिकामी. असो.

"फर्ज लावलायस? अगं, मी पहिल्या आठवड्यात बघितलाय!" असं म्हणत ते थेट माझ्या खुर्चीत बसले. माझ्या. पाठीला उशी लावलेली, ती पण त्यांनीच घेतली.

"हा जितू आमच्या गिरगावातला. चाळीतला पोरगा."

"हो काका, वाचलंय."

"वाचलंयस! आम्ही ठाकूरद्वारला राहायचो!"

यातून नक्की काय सिद्ध झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यानंतर जितेंद्र पडद्यावर आला की काका स्वतःच्या भाच्याकडे बघावं तसे बघायचे. मध्येच म्हणाले, "मूळ तेलुगू आहे हा. तिकडे बबिताच्या जागी कोण होती, सांग?" मी म्हटलं, काका, तो बघा गुप्तहेर काहीतरी शोधतोय. "जयललिता!" बरं. आता शांत बसतील असं वाटलं तोवर, "आणि तो दामोदर आहे ना, सुनीताचा बाप, तोच सामील आहे त्यांना."

अहो!!

साठ वर्षं जुना सिनेमा आहे हे मान्य, पण मी तो पहिल्यांदा बघत होते ना. गुप्तहेरांच्या सिनेमात संशय सोडून असतं काय? बाकी सेट सगळा पुठ्ठ्याचा. आणि गुप्तहेर असा की त्याला लपायचं असतं तिथे तो पांढरे बूट घालून नाचतो. दिग्दर्शक रविकांत नगाइच मुळात कॅमेरा आणि ट्रिक सीनवाले, ते ठिकठिकाणी दिसतंही, मला ते आवडतही होतं, पण आवडायला वेळ कुठे मिळतोय. एक काका बोलतात आणि काका थांबले की जाहिरात. वर्षाचे पैसे भरूनसुद्धा दर वीस मिनिटांनी कपड्यांची पावडर! पूर्वी दूरदर्शन तरी फुकट होतं आणि जाहिराती मुकाट्याने एकदाच दाखवून मोकळं व्हायचं.

मग ते पांढऱ्या बुटांचं गाणं लागलं. काका उठले. "असं नव्हे, कंबर अशी." मला वाटलं पाठीत उसण भरणार आणि वर मलाच मलम चोळावं लागणार. टीपॉय सरकला, चहा सांडला, माझा पाय चेंगरला. "सॉरी हं," म्हणून त्यांनी शांतपणे केक ओढला, चमचा ड्रॉवरमधून स्वतःच घेतला (आमच्या घरात चमचे कुठे असतात ते त्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं), आणि डाव्या हाताने रिमोट धरून उजव्या हाताने खायला लागले. आणि नेमकं ते वाढदिवसाचं गाणं आलं. पडद्यावर रफीचा आवाज, खुर्चीत काका, आणि मला एकदम लक्षात आलं, तो हेर त्या पोरीच्या वाढदिवसाला हेरगिरी करायला आलाय! म्हणजे इतकी वर्षं लोक मला जे प्रेमाने ऐकवत होते ते ड्यूटीवरच्या माणसाचं गाणं आहे.

काकांनी "टू सुनीता"ला सूर लावला, तोंडात केक होता.

तेवढ्यात लेक आली, फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. मग मी केक बघितला. बेकरीवाल्याने मोठ्या अक्षरात लिहिलेलं माझं नाव, त्यातलं 'नीता' काकांनी संपवलं होतं. उरलं होतं फक्त 'सु'.

सासरच्या एकोणतीस लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. जाऊबाईंनी दोनदा.

काका साडेदहाला उठले, शेवटची पाऊण तास मारामारी तशीच राहिली. दारात चपला घालताना म्हणाले, "उद्या संध्याकाळी येतो. माझ्याशिवाय लावू नकोस हं. आणि खीर सुंदर होती."

वाटी परत घेऊन गेले.