'पाण्याचा थेंब नको' म्हणे! चहाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले दोन आठवडे तो मेसेज फिरतोय, "टपरीसारखा दाट मसाला चहा घरी, सीक्रेट उघड!" आधी मावशीने टाकला, मग ऑफिसच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या. म्हणणं काय तर पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही, गार दुधातच आलं किसायचं, पावडर, मसाला, गूळ सगळं एकदम टाकून 20 मिनिटं उकळायचं, आणि टपरीवाले चोरून कॉर्नफ्लोअर घालतात म्हणून आपणही चमचाभर घालायचं. रविवारी मी इमानदारीत करून बघितलं. अर्धा लिटर फुल क्रीम दूध सरळ मोरीत ओतलं.

आधी पाण्याचं बघू. मुंबईत इराण्याकडे 'पानी कम चाय' मागायची पद्धत किती जुनी आहे, त्यात शब्द 'कम' आहे, 'बिलकुल नको' नाहीये! चहाचा रंग आणि कडकपणा आधणात नीट उतरतो. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून बसतात, म्हणून दूध घातल्यावर चहा मऊ लागतो, पण पहिल्यापासून नुसत्या दुधातच पावडर टाकली तर चहा फिका आणि दूध तळाला लागलेलं, म्हणजे बासुंदी पण नाही आणि चहा पण नाही. दोन कपांना एक कप पाणी आणि सव्वा कप दूध, उकळून आटतं ते धरून बरोबर होतं. हे माझं माप, तुमच्या घरी थोडं इकडेतिकडे करा.

आता आलं, कारण माझं दूध नासलं त्यात याचा हात नक्कीच आहे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. चीनच्या ग्वांगडोंग भागात याच गुणावर एक गोड पदार्थ करतात, गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि ते खरवसासारखं थिजतं. खायला छान असेल, पण चहात खरवस कोणाला हवाय? गार दुधात किसलेलं आलं घालून मंद आचेवर तापवलं की त्या एन्झाइमला काम करायला आरामात वेळ मिळतो. खळखळ उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं गेलं की त्याचा खेळ खलास, मग बिनधास्त दूध घाला. माझी आजी आलं ठेचून आधणातच टाकायची, तिला एन्झाइम वगैरे काही माहीत नव्हतं.

20 मिनिटं उकळण्याबद्दल, कडक आणि कडू यातला फरक तरी कळू द्या! आपली रोजची दाणेदार पावडर सीटीसी असते, म्हणजे पान रोलरमधून चिरडून, फाडून, गोळी करून काढलेलं, 1930 च्या दशकात आसाममध्ये निघालेली पद्धत. दाणा बारीक असल्यामुळे रंग पटकन सुटतो, दोन-तीन मिनिटं बास झाली, पुढे नुसता तुरटपणा. दूध घातल्यावर मात्र तीन-चार मिनिटं उकळी हवी, दोनदा वर येऊ द्या आणि पळीने उंचावरून ओता. मिरी, लवंग, दालचिनी पाण्यातच, वेलची मात्र गॅस बंद करून, ठेचून, वर झाकण, नाहीतर सगळा वास किचनभर आणि कपात काही नाही. गवती चहा असेल तर आधणातच.

आणि कॉर्नफ्लोअर. शहरातल्या प्रत्येक टोपात मी डोकावलेलो नाही, पण जरा डोकं लावा, दिवसभर आचेवर असलेल्या टोपात कॉर्नफ्लोअर घातलं तर तळाला खळ बसेल आणि करपेल. खरं कारण समोरच दिसतं, शेजारच्या टोपात दूध सकाळपासून आटत असतं. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट असतं, एक लिटरचं 800 मिली झालं की तेच साडेसात टक्के. टोन्ड दुधात मुळात 3 टक्के, मग तो चहा घरी पाणचट लागणारच, त्यात टपरीवाल्याचं कसलं सीक्रेट? घरी एवढंच करा, दूध आधी वेगळं दहा मिनिटं मंद आटवा, साय मोडत राहा, आणि गरमच आधणात ओता.

राहिला गूळ. तो दुधाबरोबर उकळला की दूध फाटण्याची भीती असतेच, माझं दोनदा फाटलंय, आणि या वेळी आल्याने फाडलं की गुळाने ते सांगता येत नाही, बहुतेक दोघांनी मिळून. गुळाचाच हवा असेल तर गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळा, आणि परत गॅसवर ठेवू नका, गरम करायला पण नाही.