पुरुष घडवताना घ्यावयाची काळजी

मागच्या महिन्यात माझे वडील गेले. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचे दार बंद झाले, तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगा हुंदके देऊन रडू लागला. त्याच्या मुठीत आजोबांच्या श्रवणयंत्राची डाळीच्या दाण्याएवढी बॅटरी होती, कारण ती बदलण्याचे काम घरात त्याच्याकडे असे. नात्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ पुढे आले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरींसारखा काय रडतोस? आता बाबांना तूच आधार द्यायचास." पोर गप्प झाले आणि जमलेल्यांनी समाधानाने माना डोलावल्या. तेव्हा आपल्या मुलातून मर्द घडवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी काही सूचना देणे मला आवश्यक वाटते.

रडण्यावरची बंदी बालवाडीपासूनच अमलात आणावी. रागाला मात्र पूर्ण मुभा असावी. मुलाने दप्तर भिरकावले, तर "अगदी बापावर गेलाय" असे कौतुकाने म्हणावे.

स्वयंपाकघरात त्याला पाणी पिण्यापुरताच प्रवेश द्यावा.

त्याने कथक शिकायचा हट्ट धरला, तर हे बायकी खूळ वेळीच मोडून काढावे. लखनौ आणि जयपूर घराण्यांचे बहुतेक गुरू पुरुषच होते, ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. ज्यांच्या लुगडे नेसण्याची नक्कल एके काळी घरंदाज बायका करीत, त्या नारायणराव राजहंसांच्या, म्हणजेच बालगंधर्वांच्या नावाने १९६८ साली उभ्या राहिलेल्या रंगमंदिरात त्याला नाटकाला अवश्य न्यावे. फक्त नावाचा इतिहास सांगू नये.

लग्नाच्या वेळी त्याचे मोजमाप पॅकेज, बाणेर-वाकडकडचा फ्लॅट आणि चारचाकी यांतच करावे. नोकरी गेली, तर ती गेल्याचे कोणालाही कळू न देणे हा त्याचा धर्म आहे. माझा एक मित्र हा धर्म उत्तम पाळतो. हिंजवडीतली नोकरी सुटल्यावर दोन महिने तो रोज सकाळी आठ वाजता लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडत असे, पाषाण तलावाच्या कडेला गाडीत बसून बायकोने भरून दिलेला डबा खात असे आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी येऊन "आज फार काम होतं" असे सांगत असे. हप्ता थकला आणि बँकेचा फोन घरी गेला, तेव्हा सगळे उघडकीस आले. त्यावर त्याच्या सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "मग आता घर कसं चालवणार?" दोन महिने तू एकटा कसा राहिलास, हे कोणीही विचारले नाही. मीही नाही, मी त्याला दोन ठिकाणी बायोडाटा पाठवायला सांगून मोकळा झालो.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हाती लागू देऊ नये. तिथे मराठीतही बोलता येते, आणि बोलायची सवय लागली म्हणजे तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली.

या शिक्षणाचे फळही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने छापून ठेवले आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते. त्या वर्षी राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, २२,७४६. कर्ज, आजार, घरातली भांडणे अशी कारणे त्या अहवालात आहेत. पण सहन करून गप्प बसायला कोणी शिकवले, याचा रकाना त्यात नाही.

तो रकाना तुम्हीच भरा, काका. तुम्ही, मी आणि त्या दिवशी माना डोलावणारे सगळे. ज्या आजोबांच्या मांडीवर तो पाढे शिकला, ते जळत असताना त्याने रडायचे नाही, तर कधी रडायचे? आणि दहा वर्षांच्या मुलाने चाळीस वर्षांच्या बापाला आधार द्यायचा म्हणजे काय? मलाही त्या दिवशी रडायचे होते. तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून मी मुलाला जवळ घेण्याऐवजी पावतीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्याने ती बॅटरी अजून कंपासपेटीत ठेवली आहे आणि आजोबांचा विषय निघाला की तो खोलीबाहेर जातो. पुन्हा कधी कोणाच्या अंत्ययात्रेला आलात, तर चपला सांभाळा, गाड्या लावा, चहाचे बघा. पण एखाद्या रडणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप मारायला कृपा करून पुढे होऊ नका.