प्रत्येक निवडीला नवी फांदी नको

संवादांतून पुढे सरकणाऱ्या खेळाची कथा लिहिताना खेळाडूच्या प्रत्येक उत्तरातून स्वतंत्र कथा फुटली पाहिजे, असा सल्ला एका लेखात दिला आहे; तो नवख्यांना गोत्यात आणेल. दर टप्प्याला 3 पर्याय धरले तरी पाचव्या टप्प्यावर 243 वाटा होतात, आणि खेळाडू एका खेपेला त्यातली एकच पाहतो. फांद्या दोन-तीन संवादांनंतर पुन्हा एकत्र आणाव्यात आणि फरक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे खेळ लक्षात ठेवतो अशा नोंदीत, जपावा: ‘पहारेकऱ्याशी खोटं बोलला’ एवढी एक नोंद पुढे चार ठिकाणी वेगळं वाक्य देऊ शकते.

अशा फांद्यांच्या कथा लिहिण्यासाठीच्या ‘इंक’ या संगणकीय भाषेत हे फार सुटसुटीत होतं. * ने सुरू होणारा पर्याय एकदा निवडला की नाहीसा होतो, + चा टिकून राहतो. ओळीच्या सुरुवातीचं - सगळ्या फांद्या परत जोडतं. हमखास चूक होते ती फिरून येणाऱ्या संभाषणात: सगळे पर्याय * चे असतील तर ते संपतात आणि कथा तिथेच अडकते. म्हणून शेवटी * -> लिहून मजकूर नसलेली वाट ठेवा. बाकी काही उरलं नाही की इंक ती आपोआप घेतं. एखादा भाग आधी पाहिला का, हे त्याच्या नावावरूनच तपासता येतं, वेगळं व्हेरिएबल लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पात्राचं लिंग पहिल्या दिवसापासून साठवावं. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे नंतर शोधून बदलताना प्रत्येक क्रियापद उकरावं लागतं. आणि कृपा करून वाक्यं तुकडे जोडून बनवू नका. विभक्ती लागताना नावाचं रूप बदलतं, ‘घोडा’ला नुसतं ‘ला’ चिकटवून ‘घोड्याला’ होत नाही.