एका दावणीला तीन तऱ्हा

‘दारात गाय आहेच, त्यात दोन शेळ्या नि चार मेंढ्या सोडा, उरल्यासुरल्यावर फुकटात वाढतात,’ असा सल्ला देणारा गृहस्थ प्रत्येक गावात असतो. त्याच्या स्वतःच्या दारात कोंबडीही नसते.

तसा हिशेब वाईट नाही. गाय जिभेनं गवताचा झुबका ओढते, त्यामुळे बोटभर गवत तिच्या कामाचं नाही. मेंढी तेच ओठांनी पार मुळाशी कुरतडते. शेळीला मान वर करून बोर-बाभळीचा पाला लागतो. तिघींची वाटणी निसर्गानं करून दिली आहे. फक्त शेळीनं त्यावर सही केलेली नाही. बांधावर बाभळी उभ्या असतात, तिला शेजाऱ्याचं दोन वर्षांचं आंब्याचं कलमच दिसतं.

कुंपणाचंही तेच. काटेरी तारेचे चार-पाच पदर गाईला पुरतात. शेळीचं डोकं गेलं की अंग जातं, आणि डोकंच अडकलं तर शिंगांमुळे मागे येत नाही. मग ती असा टाहो फोडते की बघणाऱ्याला आपणच छळ मांडलाय असं वाटावं. चार फुटी जाळी लागते, खालच्या चौकटी लहान, नाहीतर करडं आरपार. खांब जवळजवळ रोवा, कारण शेळी पुढचे दोन पाय जाळीवर ठेवूनच जग बघते.

गव्हाणीशी खरी गंमत. शेळी वरपक्षासारखी वागते: खाली पडलेलं खात नाही, ओलं खात नाही, दुसऱ्यानं हुंगलेलं खात नाही. मोठ्या शेळीला दिवसाला ३-४ किलो हिरवा चारा, किलोभर वाळला आणि २००-२५० ग्रॅम खुराक पुरतो, पण जमिनीवर टाकलात तर निम्मा तुडवला जातो. पेंढी बांधून टांगायची. गव्हाणीला उभ्या पट्ट्या अशा ठोकायच्या, की डोकं जाईल, पाय जाणार नाही. कारण पाय गेला की करडू आत, करडू आत गेलं की लेंड्या, आणि लेंड्या पडल्या की गाय त्या कडब्याकडे ढुंकूनही बघत नाही. शिवाय खिलार गाईच्या शिंगांपुढे गाभण शेळी उभी करणं हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे. खाण्याच्या वेळी तिन्ही वेगळ्या बांधा.

‘एकच पोतं आणा, सगळ्यांना चालतं,’ हेही तोच गृहस्थ सांगतो. चालत नाही. गाईच्या खुराकात आणि खनिज मिश्रणात तांबं मुद्दाम घातलेलं असतं. मेंढीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत राहतं. काही महिने मेंढी छान गुटगुटीत दिसते. मग पावसाची झड लागते किंवा टेम्पोतून प्रवास घडतो, साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि डॉक्टर पोचेपर्यंत फार काही उरत नाही. शेळी यापेक्षा जास्त तांबं सोसते. ती मरते भरड्यानं. पोत्याचं तोंड सुटं दिसलं की पोटभर ज्वारी-मका चापते, पोटात आम्ल वाढतं, मग दात खात, कण्हत पडून राहते. खायचा सोडा पाण्यातून पाजायचा आणि डॉक्टरला फोन करायचा. डॉक्टर मात्र गाईसाठीच येतात. शेळी-मेंढीची तपासणी ‘आता आलाच आहात तर’ या सदरात उरकते.

आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची लस शेळ्या-मेंढ्यांना मे महिन्यात, नवं गवत फुटायच्या आत टोचा. पहिल्यांदा देत असाल तर १४ ते २१ दिवसांनी दुसरी मात्रा. हा रोग कळपातलं सर्वांत खादाड, सर्वांत देखणं जनावर निवडतो, ज्याचा भाव मनात ठरलेला असतो तेच. लाळ्या-खुरकुताची लस तिघींना एकाच वेळी द्या, कारण मेंढी नुसती थोडी लंगडते आणि गाईचं दूध आटवून मोकळी होते.

जंतांच्या बाबतीत मात्र हे एकत्र कुटुंब उपयोगी पडतं. शेळी-मेंढीचे जंत सारखे, गाईचे बहुतेक वेगळे. मेंढ्या चरलेल्या तुकड्यावर नंतर गाय सोडली, की मेंढीचे जंत तिच्या पोटात जाऊन वाया जातात. कॅलेंडर बघून सरसकट औषध पाजणं मला पटत नाही. त्यानं औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. खालची पापणी ओढून बघावी: लाल असेल तर राहू द्या, पांढरीफटक असेल तर पाजा.

राहिला बोकड. शेळी १५० दिवसांत विते, गाय २८० च्या आसपास. जून-जुलैत शेळ्या भरवल्या तर करडं नोव्हेंबर-डिसेंबरात, कोरड्या हवेत होतात. बोकड कळपात मोकळा सोडला तर तारखा तोच ठरवतो, आणि त्या ऐन पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, गाय कळा देत असते त्याच रात्री पडतात.