"लसीमुळे तरुण पोरं मरून राहिलेत" वाला फॉरवर्ड पाठवण्याआधी हे वाचा

तो फॉरवर्ड परत फिरून राहिला आहे, कॉलनीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, सासरकडच्या ग्रुपवरही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर असा: जिममध्ये, वरातीत नाचताना, क्रिकेट खेळताना तरुण पोरं उभ्या उभ्या पडून मरून राहिलेत, आधी असं कधी नव्हतं, हे सगळं कोविशिल्डमुळे, कंपनीनं कोर्टात कबूल केलंय, कोविड तर साधा सर्दी-खोकला होता, म्हणून ज्यांनी लस घेतली त्यांनी डी-डायमर ही गुठळ्यांची रक्ताची टेस्ट करा, रोज अ‍ॅस्पिरिन सुरू करा आणि यापुढे घरात कोणालाच कोणतीही लस देऊ नका.

मी नागपूरला धंतोलीत एका लॅबमध्ये काम करते. हा मेसेज फिरला की दुसऱ्या दिवशी काउंटरवर लोकं उभे असतात, चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, फक्त मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात ही टेस्ट करून द्या. घाबरलेले असतात बिचारे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे, थोडं लांब होईल.

"कंपनीनं कोर्टात कबूल केलं." हो, केलं. लंडनच्या कोर्टातल्या कागदात कोविशिल्डची मूळ कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकानं लिहून दिलं की त्यांच्या लसीमुळे फार क्वचित टीटीएस नावाचा रक्ताच्या गुठळ्यांचा आजार होऊ शकतो, आणि 2024 च्या एप्रिलअखेर ती बातमी सगळीकडे आली. पण ही लपवलेली गोष्ट बाहेर पडली असं जे सांगतात ते खरं नाही, कारण युरोपच्या औषध नियामकानं 7 एप्रिल 2021 लाच हा दुष्परिणाम लसीच्या माहितीत टाकायला सांगितला होता आणि आपल्या आरोग्य मंत्रालयानं मे 2021 मध्ये जाहीर केलं होतं की कोविशिल्डनंतर गुठळ्यांच्या शक्य केसेस 10 लाख डोसमागे 0.61 इतक्या नोंदल्या गेल्या. आपल्याकडे नोंदणी कच्ची असते, खरा आकडा यापेक्षा जास्त असेल असं कोणी म्हणलं तर मी भांडणार नाही. पण समजा दहापट धरा, तरी तो फॉरवर्ड जे सांगतो तिथवर पोहोचत नाही.

आणि मुख्य म्हणजे टीटीएस म्हणजे हार्ट अटॅक नाही. त्यात रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट्स खाली जातात, गुठळ्या बऱ्याचदा मेंदूच्या नाहीतर पोटाच्या शिरांमध्ये होतात, आणि हे डोसनंतर साधारण 4 दिवस ते 6 आठवड्यांत दिसतं, जास्त करून पहिल्या डोसनंतर. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फुटतो आणि तिथे गुठळी बसते. दोन वेगळे आजार आहेत. 2021 मध्ये डोस घेतलेला माणूस चार वर्षांनी वरातीत पडला तर त्याचं उत्तर टीटीएसमध्ये सापडत नाही. ज्यांच्या घरी खरंच डोसनंतर महिन्याभरात काही झालं त्यांचं दुःख खरं आहे, त्यांना उत्तर मिळायला पाहिजे आणि नुकसानभरपाईही मिळायला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. त्यांचंच म्हणणं या असल्या फॉरवर्डमुळे ऐकू येईनासं होतं, कारण प्रत्येक मृत्यू लसीच्या नावावर टाकला की जे खरे आहेत ते गर्दीत हरवतात.

"आधी असं होत नव्हतं." होत होतं भाऊ. 52 देशांत केलेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास 2004 मध्ये आला, कोविडच्या किती आधी बघा, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय 53 निघालं आणि बाकी देशांत 58-59. म्हणजे आपल्या लोकांना पाच-सहा वर्षं आधीच येतो हे तेव्हाच माहीत होतं. फरक एवढाच की तेव्हा जिममध्ये सीसीटीव्ही नव्हता आणि वरातीत प्रत्येकाच्या हातात मोबाईल नव्हता, आता एक व्हिडिओ दहा वेळा वेगवेगळ्या गावाच्या नावानं येतो.

आणि "मेला त्यानं लस घेतली होती" हे वाक्य. अरे, 21 ऑक्टोबर 2021 ला देशात 100 कोटी डोस झाले, 17 जुलै 2022 ला 200 कोटी. मोठ्या माणसांपैकी जवळपास सगळ्यांनीच घेतली, मग जो कोणी मरेल त्यानं ती घेतलेलीच असणार. आज तिशीतला जो पोरगा जातो त्यानं लहानपणी पोलिओचे थेंबही घेतले होते, म्हणून पोलिओच्या थेंबांनी गेला म्हणायचं का? नातं शोधायचं तर मेलेल्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या जिवंत लोकांशी करावी लागते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं ती केली. देशातल्या 47 मोठ्या हॉस्पिटलांमधून 18 ते 45 वयाचे, वरून ठणठणीत दिसणारे आणि अचानक गेलेले 729 जण घेतले, ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 मधले, आणि त्यांच्या जोडीला 2916 जिवंत माणसं. दोन डोस घेतलेल्यांमध्ये अचानक मृत्यूची शक्यता कमी निघाली, जास्त नाही. आता मीच सांगते, यावरून लस हृदयाचं रक्षण करते असं लगेच म्हणू नका, जे लस घेतात ते एरवीही तब्येतीला जपणारे असू शकतात, आणि माहिती नातेवाईकांना विचारून घेतलेली होती. पण धोका वाढला असता तर इथे दिसला असता.

मग धोका वाढवणारं काय निघालं? मरणाआधीच्या 48 तासांत भरपूर दारू, शक्यता पाचपट. कोविडनं हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं असेल, जवळपास चौपट. 48 तासांत अंगावर येईल असा जबरदस्त व्यायाम, साडेतीनपटीच्या वर. घरात आधी कोणी अचानक गेलं असेल, अडीचपट. नशेची औषधं, तीनपटीच्या जवळ. जरा आपल्याकडचं लग्न डोळ्यासमोर आणा, रात्रभर पिणं, झोप नाही, मे महिन्यात 45 डिग्रीमध्ये वरात, चार तास नाचणं, आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्र्याबद्दल तर कोणी बोलतच नाही, सगळ्यांना वाटतं त्यानं फक्त तोंडाचा कॅन्सर होतो. त्याच इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकची शक्यता दुपटीच्या वर निघाली होती. पानठेल्यावर पन्नीत घासून घेतलेल्या खर्र्याचा कधी फॉरवर्ड येत नाही.

"कोविड साधा सर्दी-खोकला होता." हे वाचून मला खरंच राग येतो. मार्च 2021 मध्ये देशात सगळ्यात जास्त केसेस असलेल्या शहरांमध्ये नागपूर होतं, 15 ते 21 मार्च परत कडक लॉकडाऊन लागला, एप्रिलमध्ये मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांमध्ये बेड मिळत नव्हते, रेमडेसिवीरसाठी लोकं अख्ख्या शहरात फिरत होते, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं, विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस 23 एप्रिलला इथे पोहोचली. साध्या सर्दीसाठी कोणी रेल्वेनं ऑक्सिजन आणत नाही. नंतर काळी बुरशी आली, शुगरवाल्यांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. आणि तेव्हा लस किती जणांना मिळाली होती? 45 च्या वरच्या सगळ्यांसाठी 1 एप्रिलला सुरू झाली, 18 च्या वरच्यांसाठी 1 मे ला. म्हणजे दुसऱ्या लाटेत जे तरुण गेले त्यांच्यातल्या बहुतेकांना डोस मिळालाच नव्हता. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा घराघरात माणसं आजारी पडली तरी ऑक्सिजनसाठी तशी धावपळ झाली नाही. त्यातला काही भाग व्हायरस सौम्य होता म्हणून, काही भाग लस होती म्हणून. आणि गुठळ्यांचंच म्हणाल तर कोविडच्या इन्फेक्शननं होणाऱ्या गुठळ्या लसीनंतरच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, फॉरवर्डमध्ये ते कुठे लिहिलेलं नाही.

आता डी-डायमर आणि अ‍ॅस्पिरिन, कारण इथे माणसाला प्रत्यक्ष इजा होते. डी-डायमर वाढायला हजार कारणं आहेत, वय, ताप, इन्फेक्शन, गरोदरपण, ऑपरेशन, कुठे मार लागला असेल. डॉक्टरला पायात किंवा फुफ्फुसात गुठळीचा संशय असेल तर ती नाही हे ठरवायला ही टेस्ट कामाची. काही त्रास नसताना केली, जरा वर आली, की माणूस महिनाभर झोपत नाही, आणि नॉर्मल आली तर त्याहून वाईट, कारण मग तो समजतो आपलं हृदय झकास आहे. डी-डायमरवरून हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज कळत नाही.

अ‍ॅस्पिरिनचं तर विचारूच नका. ज्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकलं, त्यांना डॉक्टर देतात आणि त्यांनी ती मनानं बंद करू नये. पण धडधाकट माणसानं आपल्या मनानं सुरू करू नये. 2018 मध्ये वयस्कर पण निरोगी अशा 19 हजारांवर लोकांचा अभ्यास आला, त्यात रोज अ‍ॅस्पिरिन घेऊन हृदयाला फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. माझ्या मानेवाड्याच्या मावशीनं असाच मेसेज वाचून गोळी सुरू केली, कोणाला सांगितलं नाही, काळी शौच व्हायला लागली तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर घराघरात डेंग्यू असतो, प्लेटलेट्स आधीच खाली, त्यात रोजची अ‍ॅस्पिरिन, हे किती धोक्याचं आहे ते कोणत्याही डॉक्टरला विचारून बघा. तेवढेच पैसे खर्च करायचे असतील तर बीपी मोजा, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाईल करा, घरात कोणी पन्नाशीच्या आत गेलं असेल तर तिशीतच डॉक्टरला दाखवा. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखला तर गॅस झाला म्हणून सोडा पिऊन झोपू नका, लगेच ईसीजी काढा, 108 ला फोन करा. काउंटरवर "रात्री गॅस झाला होता" म्हणणाऱ्यांचे रिपोर्ट मी पाहिलेत, म्हणून एवढं सांगते.

शेवटचं, "कोणतीच लस घेऊ नका." कोविशिल्डवरचा राग सगळ्या लसींवर काढणं महागात पडतं. लॉकडाऊनमध्ये पोरांचे नेहमीचे डोस चुकले होते, 2022 च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर आला आणि लहान मुलं दगावली. आजी-आजोबांना फ्लूची लस नको म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो असं कॅनडातल्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे ज्याला हृदयाची भीती त्यानं तर ती आधी घ्यायला पाहिजे. एका ओळखीच्या ताईनं पोरीची एचपीव्हीची लस याच मेसेजमुळे रद्द केली. ती गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवते, 9 ते 14 वयात सगळ्यात चांगली काम करते, ते वय निघून चाललंय.

आणि सगळ्यात जास्त भीती मला रेबीजची वाटते. आपल्या वस्त्यांमध्ये कुत्रे किती आहेत सगळ्यांना माहीत आहे. कोणाला चावलं आणि घरात "आता कोणतीच लस नको" असं वातावरण असलं तर तो जीव गेलाच समजा, कारण लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून जवळपास कोणीच वाचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, त्यावर हळद-मिरची लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे फुकट मिळते, कातडी फाटून रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या.