द्वारकाकाकू बंड का करत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, माझ्या कादंबरीचे आतापर्यंतचे सगळे भाग वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून जरा लांबलंय.

तुमचं म्हणणं असं की माझी द्वारका १८८१ साली जन्मते, तेराव्या वर्षी विधवा होते, १९६५ ला जाते, एवढ्या वर्षांत आजूबाजूचं जग पार बदललं तरी ही बाई चुलीपुढनं हलत नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमात जात नाही, १९३७ चा कायदा आल्यावर वाटा मागत नाही, केस वाढवत नाही, आणि वर १९३० मध्ये पुतण्याच्या नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न उरकायची घाई तीच करते. अशी नायिका कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी कायद्याचं. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क दिला, पण कायदा यायच्या आधीच जिचा नवरा वारला तिला तो लागूच नव्हता. द्वारकेचा नवरा गेला १८९४ ला. ज्यांना हक्क मिळाला त्यांनाही हयातीपुरताच, मनाला येईल तसं विकायची मुभा नाही. मग ५६ वर्षांच्या द्वारकेने दिरांपुढे कशाच्या जोरावर वाटा मागायचा?

कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्याच मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. द्वारकेचं सासर मी मुद्दाम त्याच दापोलीच्या बाजूला ठेवलंय, त्यामुळे सुधारणेची बातमी तिच्या माजघरात येते ती धमकी म्हणूनच, की असलं काही केलं की घरादाराचं पाणी तुटतं. १८९६ ला पुण्यात आश्रम निघाला तेव्हा ती १५ वर्षांची, केशवपन झालेली, माहेरी विचारणारं कोणी नाही. बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने पुणं, तिकिटाचे पैसे कोण देणार आणि बंदरापर्यंत तरी सोबत कोण येणार? ज्या बायका तिथवर पोचल्या त्यांचं धैर्य मोठंच, मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण कादंबरी मला न पोचलेल्या बाईची लिहायची होती.

केसांचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. सून म्हणते, काकू, आता कोण काय बोलतंय, राहू द्या केस. काकू पदर पुढे ओढतात आणि दर खेपेसारखं न्हाव्याला बोलावणं धाडतात. तुम्हाला हा भेकडपणा वाटला. मी लिहिताना असा विचार केला की जे तिने इतकी वर्षं सोसलं ते एका दुपारी सोडून दिलं तर ते सगळं उगीचच होतं हे तिला स्वतःशी कबूल करावं लागेल, आणि तेवढं बळ त्या घरात तिला कोणी दिलेलं नाही. आलवण नेसून गेलेलं आयुष्य फुकट गेलं असं तिला सांगणारे आपण कोण, असं मला खरंच वाटतं.

पोरीचं लग्न. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार, मुलीचं वय १४ पाहिजे, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत ठिकठिकाणी लग्नांची घाई उडाली. ही पोर आईवेगळी आहे. आपण डोळे मिटल्यावर हीसुद्धा आपल्यासारखी दुसऱ्याच्या दारात राबत राहील या भीतीने काकू धावाधाव करतात आणि लग्नाच्या दिवशी मात्र अपशकून नको म्हणून आतल्या खोलीत बसून राहतात. तिच्या हातून त्या पोरीवर अन्यायच झाला, आणि तो मायेपोटी झाला, म्हणून तो लिहिणं मला जास्त गरजेचं वाटलं. बाईवर जे लादलं गेलं ते पुढच्या बाईवर कसं लादलं जातं हे गाळलं तर ८४ वर्षांची गोष्ट सांगून उपयोग काय?

आणि बंड म्हणाल तर १९५६ चा भाग पुन्हा वाचा ना. त्या वर्षीच्या वारसा कायद्याने पोटगीदाखल मिळालेला तो जमिनीचा तुकडा तिच्या पूर्ण मालकीचा होतो. पुतण्या कागद घेऊन येतो, काकू, इथे अंगठा. पंच्याहत्तरीची बाई म्हणते, आधी वाचून दाखव. तो भरभर वाचतो. ती म्हणते, परत वाच, सावकाश. आणि अंगठा देत नाही. तुम्ही हा प्रसंग "किरकोळ" म्हणालात, मला तो अख्ख्या कादंबरीचा कळस वाटतो.

लग्नाचा भाग मी बदलणार नाहीये. जमीन शेवटी कोणाच्या नावावर होते ते पुढच्या भागात येईल, तो वाचून असंच परखड लिहा.